फारमातली चूक आणि गटाचं रजिस्टर

सांजवेळ झाली आहे. कोणी चुलीपाशी असाल, कोणी तांदूळ निवडत असाल, कोणी लेकराला मांडीवर घेऊन बसला असाल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

आज मी एका फारमाची गोष्ट सांगणार आहे. डॉक्टरीच्या परीक्षेचा फारम, ज्याला पोरं नीटचा फारम म्हणतात. तुम्ही म्हणाल, आम्हाला त्याचं काय? पण बघा, आपल्या कुरखेडा तालुक्यातल्या किती घरांतल्या पोरी आता सायन्स घेतात. पूर्वी डॉक्टरी म्हटलं की नागपूर. आता चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. गडचिरोलीलाही झालं. ९ ऑक्टोबर २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं आणि १०० जागा मिळाल्या. म्हणजे हा फारम आज ना उद्या तुमच्याही घरात येणार आहे. आणि फारम आला की चूकही येते.

ही गोष्ट माझ्या बहिणीच्या लेकीची आहे. तिला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "सांग मावशी, पण नाव नको घेऊ." म्हणून नाव घेत नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीची गोष्ट. नीटचा फारम ७ फेब्रुवारी ते ७ मार्च भरायचा होता. पोरीच्या बापाने धानाच्या चुकाऱ्यातून पैसे बाजूला काढून ठेवले होते. या फारमाची फी सगळ्यांना सारखी नसते. खुल्या वर्गाला १,७०० रुपये, ओबीसीला १,६०० आणि एससी-एसटीला १,००० रुपये. आमची पोरगी ओबीसी. बापाने १,६०० रुपये मोजून दिले, वर फारम भरण्याचे आणि बसभाड्याचे वेगळे दिले.

पोरगी कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. रांग मोठी. आपल्याकडे एसटीच्या पोरांचे फारम जास्त. दुकानातला मुलगा सकाळपासून एकामागून एक तेच भरत होता. हिची पाळी आली तेव्हा दिवस बुडत आला होता आणि शेवटची बस चुकण्याची भीती होती. त्याने भराभर विचारलं, हिने भराभर सांगितलं. पडद्यावर सगळं इंग्रजीत. हिने नाव पाहिलं, जन्मतारीख पाहिली, फोटो पाहिला. खाली जातीच्या प्रवर्गाचा रकाना होता, तो पाहिला नाही. त्या मुलाचा हात दिवसभराच्या सवयीने एसटीवरच गेला होता.

फी भरायची वेळ आली. तो म्हणाला, "हजार रुपये." हिच्या मनात आलं, बाबांनी तर सोळाशे दिले. मग वाटलं, मुलींना कमी असेल. तिने विचारलं नाही. हजार रुपये दिले आणि उरलेल्या सहाशेमध्ये प्रश्नसंचाचं एक जुनं पुस्तक घेतलं. घरी सांगितलं, फारम भरला.

रात्री दिव्याखाली तिने फारमाची प्रत वाचायला घेतली आणि तिथे दिसलं, प्रवर्ग एसटी.

आता त्या पोरीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. वय अठरा. बापाला काय सांगावं? सहाशे रुपये कुठे गेले हे कसं सांगावं? त्याच गावातली तिची जिवाभावाची मैत्रीण गोंड समाजाची. दोघी एका बाकावर बसणाऱ्या, दोघींनी नीटचा फारम भरलेला. तिला कळलं तर ती म्हणेल, तू माझ्या जागेवर हात टाकला. गाव काय म्हणेल, खोट्या जातीवर डॉक्टर होऊ पाहते. पोरीने ती प्रत घडी करून वहीच्या पुठ्ठ्यात लपवली. एक दिवस गेला, दोन गेले, असे दहा दिवस गेले. जेवण कमी झालं. माझी बहीण म्हणायची, अभ्यासाने वाळली. अभ्यास कसला, पोरगी पुस्तकासमोर बसून त्या एका रकान्याचाच विचार करत होती.

मधल्या काळात एका ओळखीच्या माणसाला तिने आडून विचारलं, की समजा असं झालं तर? तो काय म्हणाला ऐका. "पडली ना खूण? पडू दे. एसटीला कमी मार्कात लागते. दाखल्याचं पाहून घेऊ, माझी ओळख आहे." बायांनो, चूक करणाऱ्या पोरीपेक्षा मला या माणसाची जास्त भीती वाटते. घाबरलेलं लेकरू घरात बोलत नाही तेव्हा बाहेर असाच कोणीतरी त्याला सल्ला द्यायला बसलेला असतो.

८ मार्चला आमच्या ग्रामसंघाने महिला दिन केला. मी भाषण केलं. काय बोलले? तेच, जे आपण सगळ्या बोलतो. पोरींनी गप्प राहू नये, पोरींनी बोललं पाहिजे. टाळ्या पडल्या. पोरगी मागे सतरंजीवर बसून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, पहाटे आम्ही दोघी मोहफुलं वेचायला गेलो. मोह नुकता गळायला लागला होता, एखाद-दुसऱ्या झाडाखालीच फुलं होती. टोपली अर्धीही भरली नव्हती. पोरगी खाली मान घालून म्हणाली, "मावशी, तू काल भाषणात म्हणाली ना, पोरींनी बोललं पाहिजे. मंग मी बोलू का?"

आणि तिने सगळं सांगितलं. फारम, एसटीची खूण, सहाशे रुपये, तो ओळखीचा माणूस, सगळं.

मी काय केलं असेल? खरं सांगते, मी तिच्यावर ओरडले. "डोळे फुटले होते का तुझे? एवढं शिकून एक रकाना वाचता येत नाही?" पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिने टोपली उचलली आणि चालायला लागली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की काल ज्या बाईने भाषण केलं, तिने आज एका पोरीचं तोंड बंद केलं. दहा दिवसांनी उघडलेलं तोंड मी एका वाक्यात बंद केलं. मी तिला हाक मारली, झाडाखाली बसवलं आणि माझी एक गोष्ट सांगितली.

मी आमच्या गटाची सचिव आहे. रजिस्टर मीच लिहिते. सुरुवातीच्या वर्षी एका बाईच्या कर्जफेडीचे पैसे मी दुसऱ्या बाईच्या नावावर लिहिले. घरी आल्यावर कळलं. लाज वाटली, सातवी शिकलेली बाई आणि एवढी चूक. मी काय केलं, पांढरी शाई लावली आणि वरून नवा आकडा लिहिला. पुढच्या बैठकीत रजिस्टर उघडलं तर तो पांढरा डाग सगळ्यांना दिसला. कोणी म्हणालं नाही की सचिवाची चूक झाली. सगळ्यांच्या मनात आलं, सचिवाने काय लपवलं? एका चुकीच्या आकड्याने गेला नसता एवढा विश्वास त्या डागाने गेला. तो परत यायला वर्ष लागलं.

तेव्हा प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं आणि मी विसरले होते. रजिस्टरात चूक झाली तर खरवडायचं नाही, पांढरं लावायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, अशी की जुना आकडा वाचता आला पाहिजे. वर खरा आकडा लिहायचा. बाजूला सही करायची. आणि बैठकीत बायांना सांगायचं. इतकंच.

मी पोरीला म्हटलं, "फारमाचंही असंच आहे. तुझ्या हातून झाली ती चूक. पण ज्या रात्री तुला कळलं, त्या रात्रीपासून तू पांढरी शाई लावत बसली आहेस. आज रेघ मारू."

आता हा रकाना इतका वजनदार का, ते थोडं समजून घेऊ. आपल्या राज्यात मेडिकलच्या प्रवेशात अनुसूचित जमातीला ७ टक्के जागा आहेत. १०० जागांच्या कॉलेजात राज्याच्या वाट्याच्या जागा धरल्या, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या जागा कोरची, धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या पोरापोरींसाठी आहेत, ज्यांच्या घरात आजवर डॉक्टर सोडा, दहावी झालेलंही कोणी नव्हतं. दुसऱ्याने त्यातली एक जागा घेतली तर ती अशाच एका लेकराच्या ताटातली गेली.

म्हणून सरकारने तपासणी कडक केली आहे. नुसता जातीचा दाखला चालत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ज्याला पोरं व्हॅलिडिटी म्हणतात. मेडिकलच्या प्रवेशावरून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तपासणी कशी करायची हे ठरवून दिलं. पुढे २००० सालचा कायदा झाला आणि २००१ पासून तो लागू आहे. त्यात खोटा दाखला मिळवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी, किंवा २,००० ते २०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही असं लिहिलं आहे. शिवाय मिळालेला प्रवेश जातो.

आपल्या विदर्भातलंच एक प्रकरण आहे. एक विद्यार्थी १९८५-८६ साली एमबीबीएसला अनुसूचित जमातीच्या जागेवर लागला. दाखल्यावर हलबा होतं. तपासणीत दावा नामंजूर झाला, कारण घराणं कोष्टी. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल लागला २८ नोव्हेंबर २००० ला. पाच न्यायाधीशांनी सांगितलं, यादीत जे नाव लिहिलं आहे तेच धरायचं, त्यात कोणी आपल्या मनाने भर घालू शकत नाही. तोवर तो मुलगा डॉक्टर झाला होता. न्यायालयाने त्याची पदवी राहू दिली, पण यापुढे जमातीचे फायदे नाहीत असं बजावलं. त्या माणसाने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तो हलबा-कोष्टींचा मोठा वाद होता आणि त्या समाजातल्या पुष्कळ लोकांना आपला दावा खराच वाटत होता. मी एवढंच सांगते, की एका रकान्याचा प्रश्न पंधरा वर्षं माणसाच्या मागे चालत राहिला. आमच्या पोरीचा तर दावाही नव्हता. नुसतीच चूक होती, आणि ती दुरुस्त करायची संधी दारात उभी होती.

कशी? नीटचा फारम भरायची मुदत संपली की दुरुस्तीसाठी काही दिवस देतात. त्या वर्षी ९, १० आणि ११ मार्च असे तीनच दिवस होते. सगळे रकाने बदलता येत नाहीत, पण प्रवर्ग बदलता येत होता. फी वाढत असेल तर फरक भरावा लागतो. पोरीला हे माहीत होतं. शिक्षकांनी मोबाईलवर कळवलं होतं. माहीत असूनही ती गप्प होती, कारण दुरुस्ती करायची तर सहाशे रुपये लागणार, आणि सहाशे मागायचे तर सगळं सांगावं लागणार.

पहिलं काम बापाला सांगणं. रविवार होता, तो बांधीवरून आला होता. मी पोरीला म्हटलं, मी सांगणार नाही, तू सांग, मी बाजूला बसते. तिने सांगितलं. बाप बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सहाशे रुपयाचं का केलं?"

"पुस्तक घेतलं, बाबा."

"वाचलं का थे पुस्तक?"

"नाही वाचलं. मनच लागत नव्हतं."

"मंग तं पैसेही गेले अन् पुस्तकही गेलं," तो म्हणाला, आणि माझी बहीण हसली, मग पोरगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. बाप म्हणाला, "उद्या मी येतो संग."

दुसरं काम पैशाचं. घरात त्या दिवशी सहाशे नव्हते. मी गटाच्या अध्यक्षबाईंकडे गेले. अध्यक्ष गोंड समाजाच्या, वयाने मोठ्या, आणि त्या मैत्रिणीची आजी. माझे पाय जड झाले होते. मी पोरीलाही संग नेलं होतं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "चूक सांगाले आली ना थे पोरगी? मंग का झालं? फायदा घेतला असता तं गोष्ट वेगळी होती." संध्याकाळी बाया जमल्या, आमच्या अंतर्गत कर्जातून सहाशे रुपये दिले. रजिस्टरात कारण लिहिलं, शिक्षण. मैत्रिणीला पोरीने स्वतः जाऊन सांगितलं. मैत्रीण रागावली, पण खुणेवरून नाही. म्हणाली, "दहा दिवस माझ्या बाजूला बसून तू मले सांगितलं नाही?"

तिसरं काम प्रत्यक्ष दुरुस्तीचं. आणि इथे आणखी एक चूक उघडी पडली. फारमात मोबाईल नंबर आणि ईमेल दुकानातल्या मुलाचा होता. पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्या फोनवर येणार, आणि तो रविवारी लग्नाला गेलेला. सोमवारी दुपारी आला. आल्या आल्या म्हणाला, "मी विचारलं होतं, हीच बोलली नाही." माझ्या जिभेवर पुष्कळ आलं होतं. पण आपल्याला त्याच्याशी भांडण जिंकायचं नव्हतं, फारम दुरुस्त करायचा होता. चूक त्याची होतीच. पण खाली सही आमच्या पोरीची होती, आणि वरची माहिती खरी आहे असं लिहून दिलेलं होतं. मी म्हटलं, "बाबू, झालं ते झालं, आता उघड." सोमवारी लाईनच आली-गेली करत होती. मंगळवारी, शेवटच्या दिवशी, दुपारी ते पान उघडलं.

या वेळी आम्ही घाई केली नाही. पोरीने एकेक ओळ वाचली आणि मराठीत सांगितली, बापाने ती पुन्हा म्हटली. नाव. आईचं नाव. जन्मतारीख. प्रवर्ग ओबीसी. बाप इतक्या मोठ्याने "ओबीसी" म्हणाला की रांगेतली पोरं वळून पाहायला लागली. सहाशे रुपये भरले, पावती काढली, नवी प्रत काढली. जुनी प्रतही फाडली नाही. दोन्ही एकत्र टाचून ठेवल्या. उद्या कोणी विचारलं, तर काय होतं आणि कधी बदललं हे दाखवता येईल. रेघ मारलेला आकडा दिसला पाहिजे, तसंच.

४ मे ला तिने परीक्षा दिली. आता तुम्ही वाट पाहत असाल की मी सांगेन, पोरगी डॉक्टरीला लागली. नाही लागली. मार्क कमी पडले. पण ती मला म्हणाली, "मावशी, मार्क कमी पडले म्हणून नाही लागलं. त्याचं मले काही वाटत नाही, मार्क वाढवता येतात." तिने पुन्हा तयारी सुरू केली. गटाचे सहाशे रुपये तिने त्याच हंगामात मोहफुलं विकून फेडले. शेवटचा हप्ता घेताना अध्यक्षबाईंनी तिच्याकडूनच रजिस्टरात आकडा लिहून घेतला.

आता कामाच्या चार गोष्टी सांगते. ज्यांच्या घरी अकरावी-बारावीची लेकरं आहेत त्यांनी नीट ऐका.

फारम भरायला शेवटच्या दिवशी आणि शेवटच्या बसच्या वेळेला जाऊ नका. लेकरू एकटं पाठवू नका. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी चालेल. लेकराने प्रत्येक ओळ मराठीत सांगायची आणि तुम्ही ऐकायची. बोलून वाचलं की चूक कानाला लागते. फी किती हे आधी विचारून जा. मागितलेली फी ठरल्यापेक्षा कमी असेल तरी विचारा. जास्त मागितली तर आपण भांडतो, कमी मागितली तर गप्प बसतो. आमची चूक तिथेच कळली असती.

मोबाईल नंबर आणि ईमेल आपल्याच घरचा द्या. दुकानवाल्याचा नाही, शिक्षकाचा नाही. पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा.

नावाकडे लक्ष द्या. मडावी, कोवे, उईके अशी आपल्याकडची आडनावं इंग्रजीत एकेका कागदावर वेगळी लिहिलेली असतात. शाळेत व्ही, आधारवर डब्ल्यू. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेवून अकरावीतच पाहा. फरक असेल तर तेव्हाच दुरुस्तीला लागा. जात वैधतेचा प्रस्तावही बारावीच्या निकालाची वाट पाहत ठेवू नका. जमातीच्या दाखल्यांची तपासणी समिती गडचिरोलीलाच आहे. जुने महसुली कागद, आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधायला वेळ लागतो.

ओबीसी आणि भटक्या जमातींच्या बायांनी एक ध्यानात ठेवा. नीटच्या फारमातले प्रवर्ग केंद्राचे असतात. आपल्या राज्यात एनटी, व्हीजे, एसबीसी असे जे वेगळे गट आहेत ते तिथे नसतात. राज्यातल्या प्रवेशासाठी निकालानंतर सीईटी सेलचा दुसरा फारम भरावा लागतो, त्यात ते येतात. केंद्राचा ओबीसीचा दाखला आणि राज्याचा दाखला हे कागदही वेगळे. म्हणून कोणत्या फारमात काय भरायचं, हे शिक्षकांना विचारून आधी कागदावर मराठीत लिहून न्या.

आणि एवढं करूनही चूक झाली तर? झालेली चूक आणि खरी माहिती, दोन्ही कागदावर लिहा. दुरुस्तीचे दिवस कधी आहेत ते पाहा. ते दिवस निघून गेले असतील तरी गप्प बसू नका. परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा. अर्ज क्रमांक, काय चुकलं, खरं काय, आणि कधी लक्षात आलं, एवढ्या चार ओळी पुरतात. रडगाणं नको, दुसऱ्यावर ढकलणं नको. त्याची प्रत आणि तारीख जपून ठेवा. कार्यालय दुरुस्त करेल की नाही हे आपल्या हातात नाही. पण आपण विचारायच्या आधी स्वतःहून सांगितलं, याचा कागद आपल्या हातात राहतो. कागद तपासायला बसलेल्या माणसासमोर घाबरून पहिल्यांदा सांगणं वेगळं, आणि "साहेब, हे मी मार्चमध्येच कळवलं आहे" असं म्हणणं वेगळं.

बायांनो, शेवटचं माझ्यासाठी आणि तुमच्यासाठी. लेकरू चूक सांगायला येतं तेव्हा आपल्या तोंडून निघणारा पहिला शब्द जपून वापरा. मी माझा चुकवला होता. नशीब माझं की पोरगी टोपली घेऊन दूर गेली नव्हती, हाकेच्या अंतरावर होती. पहिला शब्द रागाचा निघाला तर पुढची चूक लेकरू आपल्याला सांगणार नाही, त्या "दाखल्याचं पाहून घेऊ" म्हणणाऱ्याला सांगेल. ओरडायचं असेल तर नंतर ओरडा, आधी ऐकून घ्या, आणि एवढंच विचारा, "शेवटची तारीख कोणती?"

पुढच्या बैठकीत एक काम करा. बचत मोजून झाली की दहा मिनिटं द्या. गटातल्या कोणाकोणाच्या घरी यंदा फारम भरायचा आहे ते विचारा. एका पानावर तारखा लिहा. आणि प्रत्येकीने आपल्या हातून झालेली, आजवर कोणाला न सांगितलेली कागदपत्राची एक चूक सांगा. सचिवाने आधी सांगावी. आमच्या गटात मी पांढऱ्या डागाची सांगितली, आणि मग अशा काही चुका बाहेर आल्या की हसून हसून पोट दुखलं. एकीने तर राशनकार्डावर नवऱ्याचं वय सासऱ्याएवढं करून ठेवलं होतं आणि सहा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती तहसीलला जाऊन दुरुस्तीचा अर्ज देऊन आली.

चला, दिवे लागले. पुन्हा भेटू. रामराम.